गेटवरचा सिरियल काटा नेटवर्कवर आणायचाय? डबा घ्यायच्या आधी हे बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कुंडईला युनिट आहे, गेटवर वजनकाटा, त्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) सिरियल पोर्टवाला, आणि त्याला जोडलेला केबिनमधला एक्सपीचा पीसी आता शेवटच्या घटका मोजतोय. नवीन पीसीला सिरियल पोर्टच नाही. ऑफिस केबिनपासून १८० मीटरवर. शिवाय शेडमधल्या पॅनेलवर सहा एनर्जी मीटर आहेत, आरएस-४८५ मॉडबसवाले (आरएस-४८५ ही लांब जाणारी सिरियल वायरिंग, मॉडबस ही त्यावर मीटरशी बोलायची भाषा), त्यांचं रीडिंग अजून रोज वहीत लिहून घेतात. काट्याचा माणूस म्हणतो अख्खा इंडिकेटर बदला, मित्र म्हणतो यूएसबी कन्व्हर्टर लावा, आणि तुम्ही विचारताय की कुठला इथरनेट कन्व्हर्टर (सिरियलचं नेटवर्कवर आणणारा डबा) घेऊ आणि वायफायवर चालेल का.

पहिलं उत्तर लगेच देतो, इंडिकेटर बदलू नका. तो वजन बरोबर दाखवतोय ना, मग त्याचं काम तो करतोय. आणि तो बदलला की वजनमापवाल्यांकडून परत पडताळणी, परत शिक्का, हे सगळं मागे लागतं. सिरियल पोर्ट बहुतेक इंडिकेटरना सीलच्या बाहेरच असतो, त्यामुळे सील न तोडता हे काम होतं. सील तोडावं लागतंय असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा.

मी हे काम जवळपास वीस वर्षं करतोय, वेर्णा, कुंडई, बेतोडा, डिचोली पट्ट्यातले काटे, फार्मावाल्यांची बॅलन्स, जुने पीएलसी, चिलर, जनरेटरचे कंट्रोलर. आणि इतक्या वर्षांत जे फसलेलं बघितलंय त्यात डबा वाईट निघाला असं फार कमी वेळा झालं. बहुतेक वेळा डबा चांगलाच होता, पण मशीन बोलतं कसं हे कोणी बघितलंच नव्हतं. म्हणून "कुठला घेऊ" हा प्रश्न शेवटी ठेवा. खरा प्रश्न आहे की तुमच्या मशीनचं बोलणं कसं आहे, म्हणजे आधी कोण बोलतं, वाक्य कुठे संपतं, आणि उत्तराची वाट किती वेळ बघायची. हे तीन कळले की डबा कुठलाही चालतो, नाही कळले तर पन्नास हजारांचा आणलात तरी डोकेदुखी संपणार नाही.

कारण काय ते सांगतो. हा डबा म्हणजे डिव्हाइस सर्व्हर, एका बाजूला सिरियल पोर्ट, दुसऱ्या बाजूला नेटवर्कचा पोर्ट, आत छोटा प्रोसेसर. सिरियलवर आलेले बाइट तो उचलतो, टीसीपी पॅकेटमध्ये भरतो आणि पाठवतो, उलट दिशेला तसंच. बस. तो वजन ओळखत नाही, मीटर ओळखत नाही. पण सिरियल वायरवर बाइट एकामागून एक ओळीने येतात आणि त्यांच्या मधल्या वेळेलाही अर्थ असतो, नेटवर्कवर मात्र ते गठ्ठ्याने जातात आणि मधला वेळ हरवतो. या कामात जे जे बिघडतं त्यातलं निम्मं या एका वाक्यात आहे, म्हणून ते परत एकदा वाचा.

आता कामाला लागू. सुरुवात डब्यापासून नाही, लॅपटॉपपासून करा. मित्राने सांगितलेला यूएसबी कन्व्हर्टर इथे खरंच कामाचा, एक घेऊन ठेवा. केबिनमध्ये इंडिकेटरच्या शेजारी बसा, रिअलटर्मसारखा प्रोग्रॅम टाका ज्यात हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइटचा कोड, बघता येतं, आणि ऐका. काटा काय पाठवतोय, सतत पाठवतोय की बटण दाबल्यावर, की पीसीने मागितल्यावर. एक रिकामा ट्रक आणि एक भरलेला, दोन्ही वेळचा दोन दोन मिनिटांचा डेटा फाइलमध्ये साठवून ठेवा. ही फाइल पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

वायरिंगसाठी मॅन्युअल नसेल तरी घाबरू नका, मल्टिमीटर पुरतो. नऊ पिनी कनेक्टरवर ५ नंबर ग्राउंड. इंडिकेटर चालू पण गप्प असताना ५ च्या तुलनेत २ आणि ३ वर डीसी व्होल्टेज मोजा. ज्या पिनवर ठाम निगेटिव्ह, म्हणजे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास दिसतं ती पाठवणारी पिन, कारण आरएस-२३२ मध्ये, म्हणजे काट्याच्या या सिरियल पोर्टच्या पद्धतीत, लाइन मोकळी असताना निगेटिव्हच असते. सतत पाठवणारा इंडिकेटर असेल तर आकडा थोडा हलत राहील, तोही खुणेचाच. दुसरी पिन शून्याजवळ दिसली तर ती ऐकणारी. तुमच्या कन्व्हर्टरच्या बाजूलाही हेच करा आणि पाठवणारीला ऐकणारीशी जोडा. सरळ केबल की क्रॉस केबल या वादात मी लोकांना दोन दोन दिवस अडकलेलं बघितलंय, मल्टिमीटरने दोन मिनिटांत निकाल लागतो.

वायर बरोबर असूनही कचरा दिसतोय तर बॉड रेट, म्हणजे सिरियलचा वेग, चुकलाय. २४००, ४८००, ९६०० हे तीन आधी करून बघा, जुने काटे बहुतेक यातच असतात. पण एक प्रकार फार फसवतो तो नीट सांगतो. कधी कधी काही आकडे बरोबर दिसतात आणि काही जागी विचित्र चिन्हं. ०, ३, ५, ६, ९ नीट येतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतंच काहीतरी. हे दिसलं की डोळे मिटून समजा, इंडिकेटर ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीवर (एक ची संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट) आहे आणि तुम्ही ८ बिट, नो पॅरिटीवर ऐकताय. दोन्हीकडे मिळून बिट दहाच होतात, त्यामुळे फ्रेम एरर येत नाही, पण ज्या आकड्याच्या कोडमध्ये एक ची संख्या विषम आहे त्यात पॅरिटीचा बिट आठवा म्हणून घुसतो. साखळीजवळच्या एका काट्यावर अख्खा आठवडा केबल बदलत बसले होते, शिल्डवाली केबल आणली, केबिनचं अर्थिंग केलं, आणि दोष एका सेटिंगमध्ये होता.

फ्लो कंट्रोलचंही (थांब, पाठव असं एकमेकांना सांगायची सोय) तसंच. काट्याला बहुतेक वेळा फक्त २, ३, ५ अशा तीन वायरी असतात, कधी कधी तर दोनच. तिथे डब्यावर आरटीएस-सीटीएस चालू ठेवलंत तर डबा समोरून परवानगीची वाट बघत बसतो जी कधी येणारच नाही, मग "डेटा येतो पण कमांड जात नाही" अशी तक्रार येते. तीन वायरी असतील तर फ्लो कंट्रोल नन. जुना डॉट मॅट्रिक्स सिरियल प्रिंटर असेल तर मात्र तो लागतो, नाहीतर लांब बिल छापताना मधल्या ओळी गायब होतात.

इतकं झालं की मग अंतराचा प्रश्न. आरएस-२३२ ची जुनी मर्यादा ५० फूट म्हणजे १५ मीटर. हे १९६९ च्या आरएस-२३२-सी मधलं. प्रत्यक्षात २४०० बॉडवर चांगल्या केबलने ६०-७० मीटर चाललेलं मीही बघितलंय, तेव्हा "आमच्याकडे चालतं" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण ते नशिबावर चालतं. तुमचे १८० मीटर त्यात बसतच नाहीत. आणि नेटवर्कची तांब्याची केबलसुद्धा १०० मीटरपर्यंतच, हे बरेच जण विसरतात, डबा केबिनमध्ये लावतात आणि कॅट-६ ओढत ऑफिसपर्यंत नेतात, मग लिंक लागते, तुटते, लागते, तुटते.

तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. मधे स्विच टाकणं, पण मधे वीज आणि पावसापासून आडोसा असलेली जागा हवी. केबिनपासून ऑफिसपर्यंत आरएस-४८५ नेऊन डबा ऑफिसमध्ये लावणं, आरएस-४८५ हळू वेगात १२०० मीटर जातो. किंवा फायबर. मी तुमच्या जागी असतो तर फायबर टाकला असता, आणि त्याचं कारण अंतर नाही, वीज.

गोव्यात काम करणाऱ्याने हे मनावर घ्यायलाच हवं. मे मधले वळवाचे आणि ऑक्टोबरमधले परतीचे गडगडाट, दोन्ही वेळा माझा फोन सारखा वाजतो. काटा म्हणजे उघड्यावर पसरलेलं मोठं लोखंड, त्याची केबिन वेगळी, ऑफिस वेगळं, दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. आणि आपल्याकडे जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग चांगलं मिळवायचं म्हणजे काय कसरत असते ते वायरमनला विचारा, उन्हाळ्यात माती वाळली की अजून वाईट. वीज जवळपास कुठे पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या पातळीत क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि दोन्ही टोकांना जोडणारी तांब्याची वायर असेल तर तो फरक तिच्यातूनच वाट काढतो. डिचोलीकडे एका ठिकाणी एकाच ऑक्टोबरमध्ये तीन डबे जळाले, प्रत्येक वेळी नवा आणून लावायचे. तिसऱ्या वेळी डब्याबरोबर इंडिकेटरचा पोर्टही गेला तेव्हा मालकाने ऐकलं. फायबर टाकला, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याचं नेटवर्क फायबरवर नेणारे), आणि त्यानंतर त्या लाइनवर वीजेमुळे काही गेलेलं नाही. काचेतून वीज जात नाही इतकं साधं आहे ते. फक्त मजबुतीसाठी आत स्टीलची तार किंवा पत्रा असलेली फायबर केबल घेतलीत तर ते स्टील दोन्ही टोकांना डब्यांपासून लांबच कापून ठेवा, नाहीतर एवढं करून वीजेला परत रस्ता मिळतो.

आरएस-४८५ च घ्यायचा ठरलं, किंमत किंवा काही कारणाने, तर आयसोलेशन (दोन बाजूंत विजेचा थेट जोड नसणं) असलेला कन्व्हर्टर घ्या, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्शन लावा, आणि सर्ज प्रोटेक्टरची अर्थची वायर आखूड ठेवा. दोन मीटरची गुंडाळी करून खाली सोडलेली अर्थ वायर वीजेच्या वेगापुढे जवळजवळ नसल्यासारखीच.

वायफायचं विचारलंत. चालतं की नाही हे जागेवर अवलंबून आहे, मी सरसकट नाही म्हणणार नाही. केबिन ते ऑफिस सरळ दिसत असेल आणि दोन्हीकडे बाहेर लावायचे पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ असतील तर छान चालतं, आणि तेही वीजेपासून काही अंशी वेगळं करतं, फक्त खांबावरच्या रेडिओला सर्ज प्रोटेक्शन हवंच. पण ऑफिसचा राउटर आणि केबिनमध्ये वायफायवाला डबा, मधे सतत उभे राहणारे ट्रक, असा विचार असेल तर नको. लोखंडाचा भरलेला ट्रक मधे आला की सिग्नल पडतो, आणि नेमकं वजन घ्यायचं असतं तेव्हाच ट्रक मधे असतो.

आता डब्याच्या मोडकडे येतो, इथे सॉफ्टवेअर ठरवतं. तुमचं काट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि त्याला फक्त कॉम-१ वगैरेच (विंडोजमधली सिरियल पोर्टची नावं) कळतं, म्हणजे तुम्हाला व्हर्च्युअल कॉमचा ड्रायव्हर लागणार, जो नेटवर्कवरचा डबा पीसीला कॉम पोर्ट म्हणून दाखवतो. डब्याबरोबर कंपनीचा ड्रायव्हर येतो, किंवा आरएफसी-२२१७ हा १९९७ चा खुला प्रोटोकॉल आहे, तो डबा आणि ड्रायव्हर दोन्हीकडे असला की वेगवेगळ्या कंपन्यांचंही जुळतं. यात सॉफ्टवेअरने मागितलेला बॉड रेट डब्यावर आपोआप लागतो. दुसरा मोड टीसीपी सर्व्हर, त्यात ड्रायव्हर नाही, सॉफ्टवेअर थेट आयपी आणि पोर्ट नंबरवर जोडतं, पण मग बॉड रेट, पॅरिटी सगळं डब्याच्या पानावर तुम्हालाच बरोबर लावावं लागतं. नवीन सॉफ्टवेअर लिहून घेणार असाल तर डोळे झाकून दुसरा मोड घ्या, विंडोज अपडेट झालं म्हणून ड्रायव्हर रुसला हा प्रकार कायमचा संपतो. आणि काही जुनी यंत्रं अशी असतात की दोन्ही टोकांना सिरियलच आहे, पीसीवर काही टाकताच येत नाही, तिथे दोन डबे एकमेकांना जोडून नेटवर्कमधून फक्त बोगदा करायचा, एक कायम ऐकणारा, दुसरा कायम जोडणारा.

व्हर्च्युअल कॉमला नंबर देताना ९ च्या वर जाऊ नका. जुनी सॉफ्टवेअर कॉम-१० उघडू शकत नाहीत, कारण विंडोजमध्ये त्यासाठी नाव वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं. ड्रायव्हर कॉम-१२ देतो, सॉफ्टवेअर म्हणतं पोर्ट नाही, आणि माणूस डब्याला दोष देतो.

गठ्ठ्याचं म्हटलं होतं ते आता. समजा तुमचा इंडिकेटर १८ अक्षरांची ओळ पाठवतो, ९६०० बॉडवर एका सेकंदात ९६० अक्षरं, म्हणजे ओळ जायला साधारण १९ मिलिसेकंद. डबा वाट न बघता हाती लागले तितके बाइट पाठवतो, कधी सात, मग अकरा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने "एकदा वाचलं की एक ओळ मिळते" असं धरलेलं असेल तर तो सात अक्षरांतून वजन काढणार, आणि २४,५६० किलोच्या जागी २४५ दिसणार. कधी दिसणार, कधी नाही, म्हणून पकडायला अजून कठीण. एका क्रशरवर नेमकं हेच झालं, महिन्यातून तीन-चार पावत्या चुकीच्या, आणि संशय गेला केबिनमध्ये बसणाऱ्या पोरावर. चांगला प्रामाणिक मुलगा, त्याची नोकरी जायची वेळ आली होती. मी नेटवर्कवरचा ट्रॅफिक दोन दिवस रेकॉर्ड केला तेव्हा तुटलेल्या ओळी सरळ दिसल्या. म्हणून हे सेटिंग माझ्यासाठी नुसतं तांत्रिक नाही, काट्यावरच्या आकड्यावर माणसाची इज्जत असते.

उपाय दोन आणि दोन्ही करा. डब्यावर डिलिमिटर नावाचं सेटिंग असतं, ओळीच्या शेवटचं अक्षर, बहुतेक ०डी किंवा ०डी ०ए, ते तिथे भरा म्हणजे ओळ पूर्ण झाल्यावरच डबा पाठवतो. शेवटचं अक्षर कुठलं हे तुम्ही साठवलेल्या हेक्स फाइलमध्ये दिसेल, आता कळलं असेल ती का करायला सांगितली. आणि सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की बाइट साठवत राहा, शेवटचं अक्षर आलं की मगच ओळ वाच, ओळीची लांबी तपास, आणि लागोपाठ तीन ओळी सारख्या आल्या तरच वजन घे.

मीटरचं वेगळं आहे, सोपंही आहे आणि नाहीही. मॉडबस आरटीयूमध्ये (सिरियल वायरवरचा मॉडबस) शेवटचं अक्षर नसतं, वाक्य संपलं हे शांततेवरून कळतं, साडेतीन अक्षरांइतका वेळ लाइन गप्प राहिली की संपलं. ९६०० वर तो वेळ ४ मिलिसेकंद. नेटवर्कमधून जाताना ही शांतता टिकत नाही, म्हणून मीटरसाठी साधा डिव्हाइस सर्व्हर घेऊ नका, मॉडबस गेटवे घ्या. दिसायला सारखाच डबा असतो, पण त्याला मॉडबस कळतं, पीसीकडून मॉडबस टीसीपी (नेटवर्कवरचा मॉडबस) घेतो, पोर्ट ५०२ वर, आणि मीटरकडे आरटीयू बोलतो. टीसीपीत पुढे सात बाइटचं हेडर असतं आणि शेवटचा सीआरसी (चूक पकडायचे बाइट) नसतो, आरटीयूत उलट. साधा डबा लावून सॉफ्टवेअरमध्ये मॉडबस टीसीपी निवडलं तर दोघं एकमेकांना कधीच समजत नाहीत, पिंग होतं, पोर्ट उघडतं, पण उत्तर येत नाही. साधा डबा आधीच घेतला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये "आरटीयू ओव्हर टीसीपी" असा पर्याय शोधा, काहींत असतो.

मीटर जोडायच्या आधी प्रत्येकाला वेगळा पत्ता द्या, १ ते ६, कारखान्यातून बहुतेक सगळे १ नंबर घेऊनच येतात. वायर एका मीटरहून दुसऱ्याकडे अशी साखळीने न्या, मधून फाटे काढू नका. दोन टोकांना १२० ओमचा रेझिस्टर, फक्त टोकांना, प्रत्येक मीटरला नाही. सगळं बंद करून ए आणि बी मध्ये ओम मोजा, ६० च्या जवळ आलं तर बरोबर, ४० किंवा ३० आलं तर कोणीतरी जादा रेझिस्टर लावलाय, १२० आलं तर एक टोक राहिलंय. ए आणि बी ची नावं कंपन्या आपापल्या मनाने देतात, तेव्हा उत्तर येत नसेल तर अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. आणि तिसरी कॉमनची वायर टाळू नका. दोन वायरीवर चालतं म्हणणारे पुष्कळ आहेत, चालतं पण मोठी मोटर चालू झाली की बंद पडतं.

टाइमआउट वाढवा. पीसीला थेट जोडलेलं असताना २०० मिलिसेकंद पुरत असतील, आता १ सेकंद ठेवा. घाई काहीच नाही, २० रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) मागितली तर प्रश्न ८ बाइट, उत्तर ४५ बाइट, ९६०० वर मिळून ६० मिलिसेकंद, त्यात मीटरचा विचार करायचा वेळ, तरी सहा मीटर दीड-दोन सेकंदांत वाचून होतात. एनर्जी मीटर मिनिटाला एकदा वाचला तरी भरपूर. आकडे भलतेच मोठे आले तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा करून बघा, ३२ बिटचा आकडा दोन तुकड्यांत येतो आणि कुठला आधी ते मीटरनुसार बदलतं.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार. "काल रात्री लाईट गेली, सकाळपासून काटा जोडत नाही, डबा बंद चालू केला की होतं." दर पावसाळ्यात ऐकतो. होतं काय की डबा यूपीएसवर चालू राहतो, पीसी दणकन बंद होतो, आणि जाताना "मी जातोय" असं सांगत नाही. डब्याच्या दृष्टीने जुनं कनेक्शन अजून चालूच आहे. बहुतेक डबे एका पोर्टला एकच कनेक्शन देतात, त्यामुळे पीसी परत उठून दार वाजवतो तेव्हा डबा म्हणतो आत कोणीतरी आहे. यासाठी टीसीपी कीप-अलाइव्ह किंवा अलाइव्ह चेक नावाचं सेटिंग असतं, काही डब्यांवर ते सात मिनिटांवर असतं, काहींवर बंदच. ते एक मिनिटावर आणा. याच्याशी मिळतंजुळतं एक इनअ‍ॅक्टिव्हिटी टाइम असतं, त्याला हात लावू नका, शून्यच ठेवा, नाहीतर दुपारी तासभर ट्रक आला नाही की डबा स्वतःहून कनेक्शन तोडेल. ही दोन सेटिंग लोक एकच समजतात.

आयपी कायमचा द्या आणि राउटरच्या आपोआप वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा द्या, डब्यावर चिकटवून लिहून ठेवा. वीजपुरवठ्याला बरोबर आलेला छोटा अ‍ॅडॅप्टर गेटच्या केबिनमध्ये वापरू नका, डिन रेलवरचा (पॅनेलमधल्या पट्टीवर बसणारा) २४ व्होल्टचा चांगला सप्लाय लावा, आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइल ज्यावर आहेत तो सोडून वेगळा. दमटपणाचं काही बोलायलाच नको, वास्को-मुरगाव बाजूला तर खाऱ्या हवेने वर्षभरात पिनांवर हिरवं चढतं. बंद पेटी, केबल खालून घ्यायची, आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथून गळून जातं, स्क्रू घट्ट. दर वर्षी पावसाच्या आधी एकदा पेटी उघडून बघा, मे च्या पहिल्या आठवड्यात, तितकं पुरतं.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून हा डबा इंटरनेटवर ठेवू नका. सिरियल पोर्टला पासवर्ड नावाची गोष्टच नाही, आधी ती वायर केबिनमध्ये होती म्हणून सुरक्षित होती, नेटवर्कवर आली की जो पोहोचेल तो वाचेलही आणि लिहीलही. मॉडबसचंही तसंच. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली, आणि हल्लेखोरांनी सबस्टेशनमधल्या याच प्रकारच्या सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर पुसून टाकलं, म्हणजे लांबून ब्रेकर परत चढवता येऊ नयेत. माणसांना जागेवर जाऊन हाताने करावं लागलं. तुमच्या काट्याशी कोणाचं वैर नसेल, पण काट्याच्या पावतीवर पैसे, रॉयल्टी, कर सगळं ठरतं. पासवर्ड बदला, टेलनेट बंद करा, कुठल्या पीसीला जोडता येईल त्याची यादी डब्यावर टाका, काटा आणि मीटर ऑफिसच्या वायफायपासून वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, आणि बाहेरून हवंच असेल तर व्हीपीएन.

यूएसबी कन्व्हर्टरचं राहिलं. टेबलावर तपासायला उत्तम, कायमचा लावायला नको, वेगळ्या पोर्टात खोचला की कॉम नंबर बदलतो, आणि तुमचं अंतर तर त्याने सुटतच नाही. स्वस्तातले उघडे मॉड्यूल बोर्ड मिळतात तेही मीटरच्या प्रयोगाला हरकत नाही, माझ्या स्वतःच्या घरी सोलरच्या मीटरवर एक लावलाय. पण गेटवर, जिथे बंद पडला की ट्रकांची रांग लागते, तिथे आयसोलेशनवाला, डिन रेलचा, ज्याचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजला आजही मिळतो असा घ्या. ब्रँड मोक्सा, डिजी, लॅन्ट्रॉनिक्स, किंवा यापेक्षा स्वस्त चांगले, मला फरक नाही. ड्रायव्हर आणि कीप-अलाइव्ह दोन्ही आहेत का ते घ्यायच्या आधी बघा.

म्हणजे तुमच्या बाबतीत माझ्या मते असं होईल: केबिनमध्ये एक पोर्टचा आरएस-२३२ डबा, तिथून ऑफिसला फायबर, शेडमध्ये वेगळा मॉडबस गेटवे, शेड ऑफिसच्या १०० मीटरच्या आत असेल तर तिथे साधी नेटवर्क केबल, नसेल तर तिथेही फायबर. जुना एक्सपी पीसी लगेच काढू नका, नवीन व्यवस्था निदान पंधरा दिवस नीट चालल्यावर काढा. शक्य असेल तर बदल चवथीच्या सुट्टीत करा, गेट बंद असतं, कोणाची घाई नसते.

दोन गोष्टी अजून कळायला हव्यात. शेड ते ऑफिस अंतर किती, आणि काटा सतत पाठवतो की मागितल्यावर. त्या हेक्स फाइलमधल्या दहा-बारा ओळी इथे टाका, गाडी नंबर वगैरे असतील तर काढून, म्हणजे डिलिमिटरमध्ये काय भरायचं आणि पॅरिटी कुठली ते बघून सांगतो.